नवऱ्याचा पूल आणि फ्रेंच विहीणबाई

विहीणबाई ते वाक्य बोलल्या तेव्हा गाडी मी चालवत होते. त्यामुळे मागे वळून त्यांच्याकडे बघता आलं नाही. बघितलं असतं तर सगळं तिथेच, गाडीतच, होऊन गेलं असतं.

त्या आणि व्याही अमेरिकेत पहिल्यांदाच येत होते. मुलीचं लग्न त्यांच्या गावी, फ्रान्समध्ये झालं होतं, आणि तेव्हा माझा नवरा हयात होता. नंतर दोन वर्षांत तो गेला. मुलगी-जावई डॅलसमध्ये एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहतात, म्हणून पाहुण्यांचा मुक्काम माझ्याकडे, जवळच फ्रिस्कोला. विमानतळावर त्यांना घ्यायला मी आणि मुलगी गेलो होतो. मुलगी माझ्या शेजारी पुढे, ते दोघं मागे.

येताना तो मोठा इंटरचेंज लागतो. चार-पाच रस्ते एकावरून एक गेलेत, आणि सगळ्यांत वर एक लांबलचक रॅम्प डावीकडे वळत जातो. विहीणबाईंनी काचेला नाक लावून वर बघितलं. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे. निवृत्त शिक्षिका त्या, इतिहास शिकवायच्या, आणि वर्गातल्यासारखं प्रत्येक वाक्य पूर्ण करतात. त्या म्हणाल्या, "हे ज्यानं काढलं, त्याला माणसांचा तिटकारा असला पाहिजे."

तो रॅम्प माझ्या नवऱ्यानं डिझाइन केला होता.

एकट्यानं नाही, त्याच्याबरोबर मोठी टीम होती. पण वळण त्याचं होतं. किती उतार द्यायचा, खांब कुठे घ्यायचे, यावर त्यानं आमच्या डायनिंग टेबलावर कागद पसरून महिनेच्या महिने घालवले होते. पूल सुरू झाला तेव्हा तो मला आणि मुलीला घेऊन गेला. पुन्हा पुन्हा खाली उतरायचा, यू-टर्न घ्यायचा आणि परत वर चढायचा. मुलगी मागच्या सीटवर हात वर करून ओरडत होती, "अगेन, बाबा, अगेन!"

तीच मुलगी आता माझ्या शेजारी बसून फोनकडे बघत होती.

रात्री जेवताना तिला बहुधा राहवलं नाही. हळूच म्हणाली, "तो वरचा रॅम्प बाबांचा होता." मला वाटलं, आता विहीणबाई ओशाळतील, सॉरी म्हणतील, आणि विषय संपेल. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"अरेरे," त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांना हे करावं लागलं. लग्नात भेटले तेव्हाच मला कळलं होतं, किती संवेदनशील माणूस. एवढी हुशारी, आणि या देशानं त्यांच्याकडून हे करून घेतलं."

शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी माझ्या नवऱ्याची कीव केली. तो गेल्यानंतर लोकांनी मला पुष्कळ सांत्वनाचे शब्द ऐकवले, पण त्याचं आयुष्य वाया गेलं असं कुणी म्हणालं नव्हतं. मला राग पटकन येत नाही. आला की मात्र जात नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस-पस्तीस वर्षं काम केलं, तिथे सगळे मला शांत म्हणून ओळखायचे. मी हात सोडवून घेतला, त्यांना भात वाढला आणि ठरवलं की या बाईला इथून सुखानं जाऊ द्यायचं नाही.

पुढच्या दिवसांत त्यांनी कशाकशाला नावं ठेवली नाहीत! पाण्यातला बर्फ. दुकानातला गारठा. कागदी कपातली कॉफी हातात घेऊन चालणारी माणसं. स्पंजासारखा ब्रेड. चर्चपेक्षा चर्चचं पार्किंग मोठं. "आणि हे लोक सारखे हसतात का? ओळख ना पाळख, दात दाखवायचे!" टीव्हीवर त्या दिवसांत टॅरिफ, टॅरिफ चाललं होतं. फ्रेंच वाइनवर कर लावणार अशी बातमी आली तेव्हा त्या ताडकन उठून बसल्या. "यांना स्वातंत्र्य आम्ही मिळवून दिलं. आमची जहाजं आली नसती तर आज इंग्लंडच्या राजाला सलाम ठोकत असते."

व्याही कोपऱ्यातल्या खुर्चीतून पुटपुटले, "आणि महायुद्धात आपल्याला सोडवायला हे लोक नॉर्मंडीला आले होते."

"उशिरा," विहीणबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर यातलं निम्मं मीही बोलत आले आहे. आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला चार माणसं जमली की अमेरिकेला नावं ठेवण्यातच वेळ जातो. इथली भाजी बेचव, डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, शेजारी दारातूनच बोलतो. पण आम्ही इथे बर्फ उपसलाय, इथल्या शाळांच्या मीटिंगांना बसलोय, इथे आमची माणसं जाळलीयत. आम्ही बोलू. पाहुणी आलेल्या बाईनं बोलायचं नाही. आणि त्यातून मला वर सांगायचं नाही, "तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही काही खऱ्या अमेरिकन नाही. तुमची आमच्यासारखी जुनी संस्कृती आहे." इथल्या नागरिकत्वाची शपथ घेताना रडले होते मी. ते त्यांना सांगायची मला गरज वाटली नाही.

पहिला डाव मी स्वयंपाकघरात टाकला. मी नागपूरची. सावजी रस्सा केला, अगदी तिकडच्यासारखा, वर तेलाचा लाल तवंग. जावई एक घास खाऊन सरळ फ्रिजकडे धावला. व्याही घामाघूम झाले. विहीणबाईंनी डोळ्यांतलं पाणी पुसत दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "या देशात आल्यापासून पहिल्यांदा जेवले."

मुलगी खूश होऊन माझ्याकडे बघत होती. मी मात्र जळफळत भांडी घासली.

दुसरा डाव मला शोधावा लागला नाही. तो गॅरेजमध्ये उभा होता.

रिटायर झाल्यावर माझ्या नवऱ्यानं एक पिकअप ट्रक घेतला होता. म्हणायला बागेची माती आणायला, खरं तर हौस. तो गेल्यापासून मी आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करते, एवढंच. एका सकाळी कपडे वाळवायच्या मशीनकडे गेले तर व्याही तिथे. ट्रकच्या बॉनेटवर तळहात टेकवून उभे होते, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. मला बघून दचकले.

व्याह्यांबद्दल तोवर मी फारसा विचार केलाच नव्हता. त्यांचं छोट्या गावात औषधांचं दुकान होतं. जेवताना ते गप्प, फिरायला गेलं की चार पावलं मागे. विहीणबाई बोलत असताना ते ऐकतायत की नाही तेही कळायचं नाही.

"माफ करा," ते म्हणाले. "फक्त बघत होतो."

"बसा की आत."

ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग समोरच्या भिंतीकडे बघत हळूहळू बोलायला लागले, आणि मला कळलं की त्यांचं इंग्रजी बायकोपेक्षा काकणभर सरसच आहे. लहानपणी त्यांच्याकडे पत्र्याचा शेरीफचा बिल्ला होता. गावातल्या सिनेमाघरात काउबॉयचे सिनेमे लागायचे, ते सगळे त्यांनी पाहिले होते. इंग्रजीची गोडी तिथेच लागली. मोठेपणी टेक्सासला जायचं ठरवलं होतं, मग लग्न झालं.

"बायकोला आवडत नाही," ते म्हणाले. "ती विद्यार्थी असताना अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे काढायची. तिच्यासमोर मी हे बोलत नाही."

"किती वर्षं झाली?"

"लग्नाला जेवढी झाली तेवढी."

त्या क्षणी मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. शत्रूच्या किल्ल्याचं मागचं दार उघडं सापडावं तसा.

संधी लगेच आली. मुलगी सासूला डॅलसच्या आर्ट म्युझियमला नेणार होती. मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय. व्याही म्हणाले, त्यांचं डोकं दुखतंय. दोघी गेल्या आणि मी ट्रकची किल्ली काढली.

त्यांना फोर्ट वर्थला नेलं. तिथे जुन्या गुरांच्या बाजाराच्या भागात रोज टूरिस्टांसाठी लांब शिंगांची गुरं भर रस्त्यातून नेतात, मागेपुढे घोड्यांवर काउबॉय. मी पूर्वी अनेक पाहुण्यांना ते दाखवलंय, आणि दरवेळी कंटाळलेय. व्याही फुटपाथच्या कडेला उभे राहिले. पहिली गाय वळणावर दिसली तशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गुरं पार दिसेनाशी होईपर्यंत ते मान वळवून बघत होते. मग म्हणाले, "वास तसाच आहे. मला वाटलंच होतं, वास असा असणार."

मी त्यांना टोपीच्या दुकानात नेलं. दुकानदारानं वाफेवर धरून टोपीची कड त्यांच्या चेहऱ्याला शोभेल अशी वळवून दिली. मग बूट. मग बार्बेक्यूच्या दुकानात कागदावर वाढलेलं ब्रिस्केट, धुरावर शिजवलेलं मांस, हातानं खायचं. शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांनी त्यांना विचारलं, "कुठून आलात?" आणि व्याही त्यांच्याशी घोड्यांविषयी बोलत बसले. मोठमोठ्यानं हसत होते. ओळख ना पाळख.

मी हे सगळं मन लावून करत होते. टोपी निवडताना सगळ्यांत रुंद कडेची माझीच निवड होती. विहीणबाईंचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांपुढे आणत मी ती निवडली होती.

परत येताना व्याह्यांनी विचारलं, "मी चालवू?" त्यांच्याकडे चालवायचा परवाना होता. मी किल्ली दिली. सरळ घरी यायचं तर तो इंटरचेंज लागत नाही. मी मुद्दाम तिकडून घ्यायला लावलं आणि कुठला रॅम्प ते सांगितलं. ट्रक चढायला लागला. वर गेलं की तिथे एक जागा येते, जिथे कठडे खाली जातात आणि चहूकडे फक्त आकाश दिसतं, लांबवर सपाट जमीन, आणि गाडी आपोआप डावीकडे झुकल्यासारखी वळते. स्टिअरिंग फिरवतोय असं वाटतच नाही. माझा नवरा त्याच जागेसाठी कागद खोडायचा.

व्याह्यांनी वेग थोडा कमी केला. "हेच ना त्यांचं?"

"हो."

"हातात येतं बरोबर," ते म्हणाले. "ज्यानं काढलंय त्यानं चालवणाऱ्याचा विचार केलाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो गेल्यावर त्याच्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. डोळे भरून आले. पण त्याच वेळी डोक्यात दुसरंही चाललं होतं: हे यांच्याकडून तिच्यासमोर वदवून घ्यायचं.

संध्याकाळी दोघी म्युझियमहून परतल्या, वाटेत जावयालाही घेऊन, तेव्हा आम्ही टेबल मांडून बसलो होतो. व्याही टोपी घालूनच होते. काढा असं मी सुचवलं नाही. विहीणबाई दारात थांबल्या. फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या, एकच शब्द. जावयाला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं.

जेवण सुरू झाल्यावर मी अगदी सहज विचारलं, "मग, आज सगळ्यांत काय आवडलं?"

व्याही इंग्रजीत म्हणाले, म्हणजे मला कळावं म्हणून, "गुरं आवडली. पण सगळ्यांत सुंदर तो पूल. मी त्यावरून ट्रक चालवला. उडाल्यासारखं वाटतं."

विहीणबाईंनी काटा खाली ठेवला. मग फ्रेंच सुरू झालं. त्यातलं मला अक्षर कळलं नाही, पण सूर कुठल्याही भाषेत कळतो. एरवी व्याह्यांनी मान खाली घातली असती. त्या दिवशी त्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि पुढचा घास घेतला.

"काय म्हणाले?" मी मुलीला विचारलं.

"आई, प्लीज. स्टे आउट ऑफ इट."

"सांग ना."

तिनं दात-ओठ खाऊन सांगितलं. "शी सेड, या बाईनं तुम्हाला जोकर बनवलं. ही सेड, चाळीस वर्षं मी तुझ्या देशात राहिलो, आता थोडे दिवस माझ्या देशात राहू दे."

माझा देश! मी त्यांना वाटीभर खीर जास्त वाढली.

पुढे ठरलेला बेत न्यू ऑर्लीन्सचा होता. अमेरिकेत विहीणबाईंना बघायची एकच जागा होती ती, फ्रेंचांनी वसवलेली म्हणून. व्याही म्हणाले, मी येत नाही. त्या रागानं मुलगा-सुनेला घेऊन गेल्या. व्याही माझ्याकडे राहिले. मी त्यांना मंडळाच्या दिवाळीला नेलं, टोपीसकट. आमच्यातल्या एक मावशी चकलीची प्लेट हातात घेऊन माझ्या कानाशी आल्या. "पाहुणे देखणे आहेत हं." मी म्हटलं, "विहीणबाई मागे ठेवून गेल्यात, सांभाळायला." मावशींना रात्रभर पुरेल एवढं मिळालं, आणि फेसबुकवरच्या फोटोंतून ते न्यू ऑर्लीन्सपर्यंत पोचेल याची मी काळजी घेतली. मुलीला टॅग केलं.

न्यू ऑर्लीन्सहून विहीणबाई परतल्या त्या थकलेल्या दिसत होत्या. तिथे त्यांच्याशी फ्रेंच बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. रस्त्यांची नावं फ्रेंच, हॉटेलांची नावं फ्रेंच, आणि वेट्रेसला 'मेर्सी' म्हटलं तर ती हसून इंग्रजीत म्हणाली, तुमचा उच्चार किती गोड आहे. मुलीनं मला हे सांगितलं तेव्हा तिला सासूची दया येत होती. मला आली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसल्या. मी कणीक मळत होते.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "का?"

"माझ्या नवऱ्याचं आयुष्य वाया गेलं असं तुम्ही माझ्या घरात, माझं जेवण जेवत म्हणालात."

"मी असं म्हणाले नाही. मी म्हणाले की ते याहून..." त्या थांबल्या. मग त्यांचा वर्गातला सूर परत आला. "तो पूल कुरूप आहे. दुःखी बाईसमोर मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नका. मीही तुमच्या मिस्टरांना टोपी काढा म्हणणार नाही."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या कुणा बायका असत्या तर इथे रडल्या असत्या, गळ्यात पडल्या असत्या. त्या उठल्या आणि बॅग भरायला गेल्या.

त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. व्याही मात्र दर वसंतात येतात, एकटे. ट्रक धुतात, बागेची माती आणतात, मंडळातल्या काकांबरोबर पत्ते खेळतात. मुलगी दरवेळी म्हणते, "आई, एक फोन कर त्यांना, सॉरी म्हण, इट्स सो इझी." मी म्हणते, करेन. करत नाही. व्याह्यांची बॅग दारातून आत आली की मला अजूनही तसंच सुख होतं, आणि त्यांचं येणं त्या सुखाखातर मी वर्षभर आखते. तिकीट कधी स्वस्त असतं ते मीच त्यांना कळवते.

यंदा दोन्ही देशांतलं फारच बिघडलं. तिकडे विहीणबाई दुकानात प्रत्येक डब्यावर फोन धरून माल कुठला ते बघतात म्हणे, अमेरिकन निघाला की परत फळीवर. घरातलं केचपसुद्धा टाकून दिलं. व्याह्यांना त्यांनी बजावलं, या वर्षी गेलात तर माझ्याशी बोलू नका. ते आले.

ज्या शहरात विमान बदलायचं होतं तिथे इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी त्यांना रांगेतून बाजूला काढलं. एका खोलीत बसवून ठेवलं, फोन घेतला, फोनमधले मेसेज वाचले. विचारत राहिले: म्हातारा माणूस दरवर्षी एकटा कशाला येतो, टेक्सासमधल्या त्या विधवेशी काय संबंध, या देशाबद्दल तुमचं मत काय. पुढचं विमान चुकलं. माझ्या दारात पोचले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"खरं ते. मला हा देश फार आवडतो म्हणालो." त्यांनी बूट काढले आणि नीट भिंतीशी लावून ठेवले. "त्यांना वाटलं मी खोटं बोलतोय."

मी अन्न गरम केलं. ते ताटावर बसले, पण हात लावेनात. तेवढ्यात माझा फोन वाजला. विहीणबाई. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा फोन केला होता. मुलाकडून कळलं असणार.

"तर?" त्या म्हणाल्या. आवाजात काय होतं ते मी ओळखलं, कारण तो सूर माझाच होता. "कशी आहे तुमची अमेरिका?"

त्यांचं बरोबर होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मला माझ्या देशाची लाज वाटत होती, आणि ती लाज त्यांच्या हाती लागू द्यायची माझी तयारी नव्हती.

"तुमचे मिस्टर जेवतायत," मी म्हटलं. "भूक लागली होती, भरपूर जेवतायत. झालं की करतील फोन." आणि फोन ठेवला.

मग व्याह्यांसमोर बसले आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"जेवा," मी म्हटलं. "मी त्यांना सांगून बसलेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.